पॅडेल: सर्व्हिस लाइन आणि नेटच्या मधले चार मीटर

पॅडेल म्हणजे काचेच्या आणि जाळीच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टवर दोन-दोनच्या जोड्यांनी खेळायचा, टेनिससारखा खेळ; टप्पा घेतलेला बॉल काचेवरून परत आला तरी मारता येतो. कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. नेटपासून 6.95 मीटरवर सर्व्हिस लाइन, आणि तिच्यामागे काचेपर्यंत 3.05 मीटर. बचाव होतो त्या मागच्या तीन मीटरांत, हल्ला होतो नेटपासून दोन-तीन मीटरवरून. मधले चार मीटर कोणाचेच नाहीत. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला सांगितलं जातं की तिथे उभं राहायचं नाही. सल्ला बरोबर आहे. पण नवा खेळाडू तो इतका मनावर घेतो की त्या पट्ट्यातून जाताना बॉलकडे न बघता पळत सुटतो, आणि बॉल नेमका तिथेच पायाशी येतो.

तिथे मुक्काम करायचा नाही, पण तिथून गेल्याशिवाय नेट मिळत नाही. सर्व्हिस केली की पहिली व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आत हवेतच मारलेला फटका, याच पट्ट्यात खेळावी लागते. मागून चांगला लॉब, म्हणजे समोरच्यांच्या डोक्यावरून उंच बॉल, टाकून पुढे निघालात तरी समोरचं उत्तर इथेच गाठतं. नेटवर असताना तुमच्यावर लॉब आला तर मागे सरकत डोक्यावरचा फटका इथूनच मारायचा असतो. आणि काचेवरून खूप बाहेर आलेला बॉलही इथेच घ्यावा लागतो. म्हणजे एका गेममध्ये माणूस कितीतरी वेळा या पट्ट्यात सापडतो, पण सराव करतो तो नेटवरच्या व्हॉलीचा आणि काचेचा. ही उणीव भरून काढताना जे ज्या क्रमाने जमत गेलं, आणि सोबतच्या नव्या खेळाडूंना शिकवताना जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते त्याच क्रमाने इथे लिहिलं आहे.

सुरुवात रॅकेटने करायची नाही, पायांनी करायची. समोरच्याची रॅकेट बॉलला लागण्याच्या क्षणी तुम्ही थांबलेले हवेत. कुठेही असा, पाच मीटरवर, चारवर, सहावर. जिथे असाल तिथे एक छोटी उडी, दोन्ही पाय खांद्यापेक्षा जरा रुंद, वजन चवड्यांवर, गुडघे वाकलेले. टेनिसवाले याला स्प्लिट स्टेप म्हणतात. टेनिसमध्ये ती चुकली तर लांब हात आणि लांब रॅकेट वाचवते. पॅडेलची रॅकेट नियमाने जास्तीत जास्त 45.5 सेंटिमीटर, टेनिसची साधारण 68.5. हे 23 सेंटिमीटर गुडघ्यांनी आणि पावलांनी भरून काढावे लागतात.

लोक थांबत का नाहीत, तर त्यांना नेट गाठायचं असतं. सर्व्हिस करणारा लाइनच्या मागून निघतो; नेटपासून तीन मीटरवर पोचायला त्याला चार मीटर जायचंय. पॅडेलची सर्व्हिस कमरेच्या उंचीपर्यंतच, खालून मारायची असते, त्यामुळे ती संथ असते. समोरच्याने टप्प्यानंतर ती परत करेपर्यंत साधारण सेकंदभर, फार तर सव्वा सेकंद मिळतो. एवढ्यात बहुतेक हौशी खेळाडू साडेचार मीटरच्या आसपास पोचतात. तिथे थांबलात तर व्हॉली खेळता येते. आणखी दीड मीटर मिळवायला पळत राहिलात तर बॉल अंगावर येतो तेव्हा एक पाय हवेत असतो, आणि मग रॅकेट कितीही छान असली तरी उपयोग नाही. नेट एका धावेत नाही मिळत, दोन टप्प्यांत मिळतं: पाचच्या आतबाहेर थांबा, एक व्हॉली खेळा, मग पुढे.

हे अंगवळणी पाडायला रॅकेटशिवाय सराव करावा. एकजण समोर बॉल हातात घेऊन उभा राहतो, दुसरा सर्व्हिस लाइनवरून पुढे निघतो. समोरचा मनाला येईल तेव्हा टाळी वाजवतो, टाळीला थांबायचं, लगेच तो डावीकडे किंवा उजवीकडे बॉल फेकतो, तो हाताने पकडायचा. बारा-पंधरा बॉल, मिनिटभर विश्रांती, पुन्हा. पोरखेळ वाटतो. पण रॅकेट हातात असताना जे चुकतं ते इथे उघडं दिसतं: टाळीनंतर अर्धं पाऊल पुढे पडतंच, आणि बाजूचा बॉल सुटतो.

पाय थांबायला लागले की पुढचा प्रश्न उंचीचा. मधल्या पट्ट्यातला प्रत्येक निर्णय बॉल रॅकेटला लागताना नेटच्या तुलनेत किती उंच आहे यावर ठरतो. नेट मध्यभागी 88 सेंटिमीटर आणि कडेला 92. बॉल त्याच्या वर मिळाला तर तुम्ही खाली मारू शकता. कमरेखाली मिळाला तर तो आधी वर उचलावाच लागतो, आणि उचललेला बॉल जितक्या वेगाने मारलात तितका तो पलीकडे उंच आणि सोयीचा पोचतो. गुडघ्याच्या उंचीवर, नेटपासून पाच मीटरवर मिळालेला बॉल जोरात मारणं हे या पट्ट्यातलं सर्वांत महागडं पाप आहे. एक तर तो नेटमध्ये जातो. नाही गेला तर समोरच्याच्या छातीवर. तिसरी शक्यता फारशी नसते.

म्हणून खालच्या व्हॉलीत वेग नको, खोली हवी. समोरचे दोघे मागे असतील, तर बॉल पलीकडच्या सर्व्हिस लाइनच्या मीटरभर मागे, कोपऱ्याच्या अंगाने टप्पा घेईल असा ठेवायचा. तिथे पडलेला संथ, थोडा कापलेला, म्हणजे उलट फिरकीचा बॉल उतरत्या वेळी काचेला खाली लागतो आणि काचेपासून फारसा बाहेर येत नाही. समोरच्याला तो गुडघ्याखालून, पाठ काचेला टेकवून काढावा लागतो. तोच बॉल जोरात मारून सर्व्हिस लाइनच्या अलीकडे पाडलात तर तो काचेवर उंच आदळतो आणि दोन मीटर बाहेर येतो. समोरच्याला कमरेच्या वर, निवांत, मारायला हवा तसा. पॅडेलमध्ये जास्त जोर लावून प्रतिस्पर्ध्याची सोय होते, हे टेनिसमधून आलेल्यांना पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

हाताची कृती अगदी थोडी आहे. ग्रिप कॉन्टिनेंटल, म्हणजे हातोडी धरतो तशी. या पट्ट्यात ग्रिप बदलायला वेळच नसतो. रॅकेटचं डोकं मनगटाच्या खाली पडू द्यायचं नाही. बॉल खाली आहे तर रॅकेट नाही, तुम्ही खाली जायचं. मागचा गुडघा जमिनीजवळ, पाठ शक्यतो ताठ. रॅकेट मागे नेणं जवळजवळ नाहीच, ती खांद्याच्या रेषेच्या मागे गेली म्हणजे उशीर झाला समजा. रॅकेटचा चेहरा किंचित वर उघडा, बॉल पुढच्या पायाच्या पुढे घ्यायचा, आणि ढकलायचा तो खांद्याने. मनगट घट्ट हवं, पण बोटांची पकड आवळलेली नको. दहापैकी चार-पाच एवढीच. पकड आवळली की बॉल रॅकेटवरून उडतो आणि खोलीचा अंदाज जातो. फटका झाल्यावर रॅकेट लक्ष्याकडे बोट दाखवून थांबली पाहिजे, खांद्यावर गेली नाही पाहिजे.

आणि फटक्याबरोबरच पुढचं पाऊल. व्हॉली मारून जागेवर उभं राहून तिच्याकडे बघत बसणं ही सवय जवळजवळ सगळ्यांना असते. संथ आणि खोल व्हॉलीचा खरा फायदा असा की ती पलीकडे पोचून, टप्पा घेऊन, काचेला लागून परत येईपर्यंत तुम्हाला दोन-तीन पावलं पुढे जायला वेळ मिळतो. जोरात मारलेली व्हॉली तितक्याच जोरात परत येते आणि तुम्ही अजून पाच मीटरवरच असता.

हाफ-व्हॉली हा वेगळा प्रकार. क्रिकेटमध्ये बॅट्समन ज्या बॉलवर खूश होतो, तो इथे शिक्षा म्हणून मिळतो. बॉल पायाच्या पुढ्यात टप्पा घेतो आणि तुम्हाला मागे जायला वेळ नाही, पुढे येऊन हवेत घ्यायलाही नाही. इथे लोक दोन चुका करतात. पहिली, रॅकेट उघडी करून खालून वर उचलतात. टप्पा घेऊन वर येणारा बॉल स्वतःच उचलला जात असतो, त्यात तुमची उचल मिळाली की तो समोरच्याला स्मॅशसाठी. दुसरी, उभ्याउभ्या फक्त हात खाली सोडतात. मग रॅकेटची कड लागते. बरोबर रीत अशी: रॅकेट आधीच जमिनीलगत, चेहरा जवळजवळ उभा, टप्पा पडल्यावर बॉल पाच-दहा सेंटिमीटर वर येतो तिथेच त्याला भेटायचं, आणि त्याच उंचीवर हात पुढे सरकवायचा. स्विंग करायचा नाही, नुसती भिंत धरायची. दिशा मध्यभागी. मधोमध नेट चार सेंटिमीटर बुटकं आहे, समोरच्या दोघांत 'तू की मी' असा क्षणभर गोंधळ होतो, आणि त्यांना तिथून फार तिरपा कोन मिळत नाही.

हाफ-व्हॉली जमायला लागली तरी ती जास्त येत असेल तर चूक आधीच्या फटक्यात आहे असं समजावं. आखूड लॉब टाकून पुढे पळालात, समोरच्याने तो नेटवरून खाली मारला, बॉल पायाशी आला. इथे हाफ-व्हॉली सुधारून काही होणार नाही. लॉब चांगला पडला आहे की नाही हे समोरच्याच्या पाठीवरून कळतं: तो काचेकडे वळला, पाठ तुमच्याकडे झाली, की बिनधास्त पुढे जा. त्याचा चेहरा तुमच्याकडेच असेल आणि रॅकेट डोक्यामागे गेली असेल, तर जिथे आहात तिथून उलट मागे. पाच-साडेपाच मीटर उंच गेलेला लॉब जमिनीवर यायला साधारण दोन सेकंद घेतो. तेवढ्यात सर्व्हिस लाइनच्या मागून नेटच्या तीन मीटरपर्यंत चालत नाही पण हलक्या धावेत पोचता येतं. तीन मीटरच उंच गेलेल्या लॉबला हा हिशोब लागू नाही.

समोरचे दोघे नेटवर असतील आणि तुम्ही मध्ये, तर चित्र वेगळं. ही वेळ बहुधा चिकितानंतर येते. चिकिता म्हणजे मागून संथ, नेटला खेटून, समोरच्याच्या पायाशी टाकलेला बॉल. ती नीट पडली तर त्याला खालून वर खेळावं लागतं, म्हणून तुम्ही तिच्यामागोमाग पाच मीटरपर्यंत येऊन थांबता. या एका प्रसंगात मधला पट्टा ही हवीहवीशी जागा आहे, कारण त्याचा उचललेला बॉल तुम्हाला छातीच्या उंचीवर मिळू शकतो. पण त्याने तो नेटच्या वर घेतला, तर तुमच्यात आणि त्याच्यात सात-आठ मीटर अंतर आणि साधारण अर्धा सेकंद. मग रॅकेट छातीसमोर, दोन्ही हात तिच्यावर, आणि आलेला बॉल फक्त अडवून मध्यभागी खाली टाकायचा. चिकिता टाकून जागेवरच थांबणारे आणि चिकिता उंच गेली तरी पुढे पळणारे, दोघांचंही नुकसान सारखंच.

मधल्या पट्ट्यात बाजूला काय आहे हेही पाहून ठेवावं. बाजूची काच मागच्या भिंतीपासून चार मीटर येते, म्हणजे नेटपासून सहा मीटरवर संपते. सर्व्हिस लाइनच्या 95 सेंटिमीटर पुढे. त्यापुढे तारेची जाळी. काचेवरून बॉल कसा येणार हे सांगता येतं, जाळीवरून नाही; तो कधी मरतो, कधी तारेच्या गाठीवरून विचित्र उडतो. म्हणून पाच मीटरवर असताना बाजूला जाणारा बॉल जाळीला लागायच्या आधी घ्यावा. मागे काचेच्या टापूत असाल तर उलट, काचेला लागू द्यावा. समोर मारतानाही हेच वापरायचं: काच आणि जाळी जिथे भेटतात त्या उभ्या पट्टीच्या आसपास टाकलेला संथ बॉल चांगल्या चांगल्यांना गोंधळात टाकतो.

सगळेच बॉल घ्यायचे नसतात. खांद्याच्या उंचीवर, वेगात, आणि तुम्ही मागे सरकत असताना आलेला बॉल मधल्या पट्ट्यात मारायला जाऊ नका. तो सोडा, वळा, काचेवरून परत येऊ द्या. बॅडमिंटनमधून आलेल्या मंडळींना हे फार जड जातं, कारण त्यांच्या मते बॉल मागे गेला म्हणजे पॉइंट गेला. पॅडेलमध्ये मागे गेलेला बॉल काच परत आणून देते. एक ढोबळ खूण उपयोगी पडते: मागे सरकताना दुसरा पायही सर्व्हिस लाइनच्या मागे गेला, की हवेत मारायचा विचार सोडून द्यायचा. स्क्वॉश खेळलेल्यांना काचेचं हे गणित पहिल्या दिवसापासून येतं. त्यांची अडचण मनगट, ते व्हॉलीतही मनगट मारतात.

आता बांदेहा, म्हणजे लॉबवर डोक्याच्या उंचीवरून मध्यम वेगाने मारलेला कापलेला फटका. हा खेळ 1969 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला एन्रिके कोर्कुएराने घराच्या कोर्टला भिंती घालून सुरू केला, 1974 मध्ये स्पेनमधल्या मार्बेयाला पोचला आणि पुढे अर्जेंटिनात रुजला, म्हणून फटक्यांची बरीच नावं स्पॅनिश. तुम्ही नेटवर आहात, समोरच्याने डोक्यावरून लॉब टाकला, तो फार खोल नाही आणि फार आखूडही नाही. नेटपासून चार ते सहा मीटरवर तो तुम्हाला मिळणार आहे. इथे स्मॅश मारायचा मोह होतो. त्या मोहात काय होतं ते आधी सांगतो. पाच-सहा मीटरवरून सरळ जोरात मारलेला स्मॅश पलीकडे टप्पा घेतो, मागच्या काचेवर उंच आदळतो आणि त्यांच्याच कोर्टच्या मध्यावर येऊन पडतो, समोरच्याला हवेत लटकवून दिल्यासारखा. तुम्ही मात्र फटक्याच्या जोराने तोल जाऊन पाच मीटरवरच अडकलेले. बॉल टप्प्यानंतर मागच्या चार मीटर उंच भिंतीवरून किंवा बाजूच्या तीन मीटरच्या जाळीवरून बाहेर काढण्याएवढी ताकद आणि उंची असेल, तर तो फटका नेटच्या जवळून मारावा.

बांदेहाचं काम पॉइंट घेणं नाही, नेट न सोडणं आहे. लॉब निघाला हे दिसताक्षणी उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय मागे टाकून आडवं व्हायचं. तोंड नेटकडे ठेवून उलट पावली पळायचं नाही. त्याने लोक पाठीवर पडतात आणि मनगट मोडून घेतात, ही अतिशयोक्ती नाही. आडवं होऊन, पाय एकमेकांवरून टाकत मागे. डावा हात बॉलकडे, रॅकेट आधीच वर, कोपर खांद्याच्या उंचीला. बॉल डोक्याच्या किंचित पुढे आणि उजव्या अंगाला, डोळ्यांच्या जरा वर घ्यायचा. स्मॅशसारखा हात पूर्ण ताणून शिखरावर नाही. चेहरा थोडा उघडा, बॉलच्या मागून खाली कापत, मध्यम वेगाने. मागच्या पायावरचं वजन डाव्या पायावर येताना फटका, आणि त्याच ओघात पुढे तीन पावलं.

टप्पा कुठे हवा? तिरपा, पलीकडच्या सर्व्हिस लाइनच्या मागे, बाजूच्या काचेजवळ. कापलेला असल्यामुळे तो काचेवरून खालीच राहतो. बांदेहा सतत नेटमध्ये जात असेल तर बॉल फार पुढे किंवा फार खाली घेतला जातोय. सतत लांब जाऊन टप्प्याआधीच काचेवर आदळत असेल तर चेहरा जास्त उघडा आहे, किंवा बॉल डोक्याच्या मागे गेला आहे, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी पायांत असतं: आडवं व्हायला उशीर. आणि बॉल पलीकडे मध्यावर उंच बसत असेल तर वेग कमी करा. नव्वद टक्के वेळा तेवढंच पुरतं. फर्नांडो बेलास्तेगीन 16 वर्षं जगात पहिल्या क्रमांकावर होता. त्याच्या जुन्या सामन्यांत स्मॅश बघण्यापेक्षा बांदेहानंतर तो किती लवकर पुन्हा नेटवर दिसतो ते बघावं.

व्हिबोरा हा बांदेहाचा चिडलेला भाऊ. बॉल अंगाच्या बाजूने घेऊन त्याला आडवी फिरकी देतात, वेग जास्त, काचेवरून तो वाकडा आणि खाली निघतो. पाहायला देखणा, म्हणून सगळ्यांना आधी तोच शिकायचा असतो. बांदेहा दहापैकी आठ वेळा सर्व्हिस लाइनच्या मागे पडत नाही तोवर व्हिबोरा म्हणजे निव्वळ कोपराची दुखणी.

काचेवरून आलेल्या बॉलबद्दल थोडक्यात. समोरच्याचा फटका इतका उंच आणि जोरात असेल की काचेला लागून बॉल सर्व्हिस लाइनच्याही पुढे येतो, तर तो छातीच्या उंचीवर, उतरू लागताना मारायचा, हा बाहादा. बॉलच्या मागे मागे पुढे यायचं, त्याच्या बरोबरीने धावायचं नाही. लक्ष्य मध्यभाग किंवा समोरच्याचा पुढचा पाय. फटका झाला की तुम्ही मधल्या पट्ट्यात असता, म्हणजे पुन्हा वरचंच सगळं: थांबा, उंची बघा.

जोडीदाराशिवाय हे अर्धंच. तुम्ही मध्ये आणि जोडीदार नेटवर अशी स्थिती झाली की दोघांच्या मधून तिरपी मोठी फट उघडते, आणि समोरचा थोडाही जाणता असेल तर तिथेच मारतो. दोघं शक्यतो एकाच ओळीत, साधारण चार मीटरच्या अंतराने. एकाला बांदेहासाठी मागे जावं लागलं तर दुसऱ्याने एक-दोन पावलं मागे येऊन मध्याकडे सरकायचं. तो परतला की पुन्हा दोघं पुढे. बोलणं लहान ठेवावं. 'सोड', 'घे', 'मागे', 'चल' एवढे चार शब्द पुरतात. 'अरे तो बघ तिकडे चाललाय' म्हणेपर्यंत बॉल दुसऱ्यांदा टप्पा घेतो. लॉबचा अंदाज ज्याच्या डोक्यावरून तो जातोय त्यापेक्षा शेजारच्याला चांगला येतो, म्हणून 'सोड' हा शब्द शेजारच्याने उच्चारायचा, आणि ऐकणाऱ्याने वाद न घालता ऐकायचा. नवरा-बायकोच्या जोड्यांत हा नियम विशेष कठीण जातो, असं आमचं निरीक्षण आहे.

हवा आणि कोर्ट यांचाही हिशोब ठेवावा लागतो. नियमानुसार बॉल 2.54 मीटरवरून सोडला तर 135 ते 145 सेंटिमीटर उसळला पाहिजे, पण हे नव्या डब्यातल्या बॉलचं. मुंबईच्या दमट संध्याकाळी बॉल ओलसर आणि जड होतो, कमी उसळतो. खालच्या व्हॉली जास्त येतात, आणि बांदेहा थोडी अधिक ताकदीने मारली तरी चालते. उन्हाळ्यातल्या दुपारी तोच बॉल उडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे तिथे बॉल किंचित जास्त पळतो. मुंबईहून गेलेल्यांचे पहिले लॉब मागच्या काचेवर थेट आदळतात. पावसात उघड्या कोर्टवर काच ओली असेल तर बॉल तिच्यावरून घसरून खाली येतो, तेव्हा सोडण्यापेक्षा हवेत घेतलेला बरा. कृत्रिम गवतातली वाळू खेळता खेळता काचेकडे आणि कडेला सरकते. मधल्या पट्ट्यात ती एका जागी कमी, एका जागी ढीग अशी झाली असेल तर थांबताना पाय घसरतो. सुरू करण्याआधी ब्रश फिरवून घ्या म्हणून सांगायला लाजू नये. बूट मासोळीच्या काट्यासारख्या नक्षीच्या तळव्याचे. धावायचे जॉगिंग शूज या पट्ट्यात घोटा मुरगळायची हमी देतात. रॅकेट गोल आकाराची, वजन डोक्याकडे नसलेली घेतली तर खालच्या व्हॉली आणि हाफ-व्हॉलीत फरक जाणवतो. हिऱ्याच्या आकाराची जड डोक्याची रॅकेट स्मॅशसाठी असते, आणि दुकानात लोक तीच उचलतात.

सरावाची मांडणी अशी ठेवावी. तीन आणि पाच मीटरवर बाजूला दोन खुणा, पलीकडच्या दोन्ही कोपऱ्यांत काचेपासून दोन मीटरवर एकेक टॉवेल. पहिला भाग जुन्या बॉलने. ते कमी उसळतात, म्हणून खालच्या व्हॉलीला उत्तम. बॉल देणारा पलीकडून हाताने पाच मीटरवरच्या खेळाडूच्या गुडघ्यापर्यंत देतो, खेळाडू टॉवेलच्या आसपास टाकतो. दहाचा संच. टॉवेलवर लागला का ते मोजायचं नाही, सर्व्हिस लाइनच्या मागे पडला आणि काचेवरून मीटरभराच्या आत राहिला का ते मोजायचं. दुसरा भाग तीन बॉलचा: पहिला पाच मीटरवर खाली, दुसरा तीन मीटरवर छातीला, तिसरा डोक्यावरून लॉब. तिन्ही सलग, मध्ये थांबायचं ते फक्त समोरच्याच्या हातातून बॉल सुटताना. इथे नवे बॉल घ्यावेत, नाहीतर लॉबचा अंदाज चुकीचा बसतो. एका संचात असे पाच फेरे, मग जागा बदलायची.

तिसरा भाग निर्णयाचा, आणि हाच बहुतेक जण वगळतात. बॉल देणारा काही ठरवून सांगत नाही. कधी पायाशी, कधी खांद्यावर जोरात, कधी आखूड लॉब, कधी खोल. खेळणाऱ्याने बॉल नेट ओलांडायच्या आत मोठ्याने म्हणायचं: 'व्हॉली', 'सोड' किंवा 'बांदेहा'. फटका चुकला तरी हरकत नाही, शब्द चुकला किंवा उशिरा आला तर बॉल बाद. सुरुवातीला शब्द बॉलच्या मागून येतो. तो पुढे यायला लागला की हात आपोआप शांत होतात.

सामन्यात हे टिकतं ते पाय टिकतात तोवर. तिसऱ्या सेटमध्ये, दमल्यावर, सगळ्यांत आधी जाते ती ती छोटी उडी. मग खालच्या व्हॉली नेटमध्ये जायला लागतात आणि माणूस ग्रिपला, बॉलला, लाइटला दोष देतो. तसं व्हायला लागलं तर सर्व्हिसनंतर पुढे जाणं थोडं उशिरा करावं, पहिली व्हॉली साडेपाच मीटरवरून खेळावी, आणि मागून चिकिताऐवजी उंच लॉब टाकावेत, म्हणजे पुढे हलक्या धावेत जायला पूर्ण दोन सेकंद मिळतात.